चूलबंद आवतन

आमच्या अंजूर गावातल्या निम्म्या लग्नांची आवतनं बाळारामभाऊंनी दिली आहेत, आणि त्यातल्या एकाही लग्नात ते जेवलेले नाहीत.

हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि प्रत्येकाकडे याचं वेगळं कारण आहे. कोणी म्हणतं, त्यांना पित्त होतं. कोणी म्हणतं, केटररचं तेल त्यांना चालत नाही. आमचे हे म्हणतात, "माणूस चक्रम आहे, कारण कसलं शोधता?" मी पित्तवाल्यांच्या बाजूची होते. आलेल्याला "या, बसा, पानी घ्या" करत भाऊ मांडवाच्या दारात उभे राहायचे. पहिली पंगत बसली की टोपी सारखी करून घरी जायचे. त्यांचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. मांडवात जिलेबी वाढायला घेतलेली असायची आणि यांच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू यायची.

आवतन म्हणजे तोंडी बोलावणं. पिवळ्या अक्षता घेऊन दारात जायचं, घरच्यांच्या हातावर चार दाणे ठेवायचे आणि सांगायचं, अमक्याच्या घरी अमुक कार्य आहे, या. त्यातही दोन प्रकार. एकट्याचं आवतन म्हणजे घरटी एकाने यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. कोणाला एकट्याचं आणि कोणाला चूलबंद, यात जरा चूक झाली की भाऊबंदकी पुढच्या पिढीपर्यंत चालते. बाळारामभाऊंच्या हातून अशी चूक कधी झाली नाही. एकेकाळी ते भिवंडीत लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. ड्युटी संपली की पांढरा शर्ट, टोपी, खिशात अक्षतांची पुरचुंडी, आणि निघाले. मोबदला म्हणून नारळ. दुसरं काही घ्यायचे नाहीत.

आता पत्रिका फोनवर येते. तिच्यात गणपती नाचतो, सनई वाजते. भाऊंची गरज कोणाला राहिली नाही. पण ते जातातच. "फोनवर आली ती बातमी," ते म्हणतात. "बातमी येगली, आवतन येगलं." गावातली अर्धी घरं गोडाऊनला जमिनी देऊन भिवंडीच्या टॉवरमध्ये राहायला गेली, तर भाऊ टॉवरवर जातात. खाली वॉचमन विचारतो, "कौन आया है बोलूँ?" भाऊ म्हणतात, "आवतन आया है बोलो."

त्यांचे नियम पुष्कळ आहेत आणि ते कुठे लिहिलेले नसल्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येत नाही. आवतन येतंय असं आधी कळवायचं नाही. "घरचे नटून बसतात, मंग घर दिसत न्हाय." अक्षतेला ज्याचा हात लागला त्याला आवतन गेलं, मग तो कोणीही असो. दार बंद असेल तर उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या, तेही आवतनच. एकदा एक घर अख्खं अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर अंघोळीला गेलं होतं. भाऊंनी उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. वळून बघतात तर शेजारच्या कोंबड्या टिपतायत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मी म्हटलं, "भाऊ, ठेवल्या होत्यात ना?" तर म्हणाले, "वैनी, ते कोंबऱ्यांना गेलं."

आणि सगळ्यात मोठा नियम, बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात पाय ठेवायचा नाही. आमच्याकडे काही कामाने आले तरी ओटीवर उभे. "आत या" म्हटलं की म्हणणार, "हितं बरा हाय." चहा ओटीवर, पेपर ओटीवर, भांडण ओटीवर.

आता मुद्द्यावर येते. माझ्या मुलीचं, प्रांजलचं लग्न ठरलं. हॉल मिळाला, केटरर मिळाला, आणि प्रांजल अडून बसली की कानपिळीला महेशदादाच पाहिजे. कानपिळी म्हणजे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. प्रांजलला सख्खा भाऊ नाही. महेश हा बाळारामभाऊंचा एकुलता एक मुलगा. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून तो अर्धा आमच्याच घरात वाढला. भाऊ ओटीवर आणि मुलगा आमच्या स्वयंपाकघरात, असा हिशोब होता. तो कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर मालाचा हिशोब ठेवायचा. कंपनीने त्याला तिथून उचलून स्पेनला पाठवलं. तिथे टोलेडो नावाचं जुनं शहर आहे, त्याच्या अलीकडे हायवेला तसलीच गोडाऊनं आहेत. म्हणजे पोरगा इकडच्या गोडाऊनमधून तिकडच्या गोडाऊनमध्ये गेला.

तिथे त्याने मार्ता नावाच्या मुलीशी लग्न केलं. कचेरीत सही, दोन साक्षीदार, संपलं. बापाला फोनवर फोटो आला आणि खाली एक ओळ, 'बाबा, आज लग्न केलं.' भाऊंनी तो फोटो मला दाखवला, फोन खिशात ठेवला आणि त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं. भाऊ चिडले नाहीत, रडले नाहीत. मुलगी परदेशातली म्हणून राग असावा असं गावाने ठरवलं. मीही तेच धरून चालले.

मी महेशला फोन केला. तो म्हणाला, "काकी, बाबा बोलावतील तर येतो. नायतर मांडवात आम्ही दोघं दोन टोकांना उभे राहणार, गाव तमाशा बघणार. प्रांजलच्या लग्नात तो नको."

मी ओटीवर जाऊन सांगितलं, "भाऊ, पोराला एक फोन करा. 'ये' म्हणा. दोन अक्षरंसुद्धा नाहीत."

"फोनवर आवतन होत न्हाय."

"मग कसं होतं?"

"दारात जाऊन."

"त्याचं दार स्पेनला आहे!"

भाऊंनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "मंग तिथं जावा लागंल," ते म्हणाले.

मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पासपोर्ट घेऊन ओटीवर हजर. नवाकोरा पासपोर्ट, एक शिक्का नाही. मी तारीख बघितली. महेश गेला त्याच वर्षी काढलेला. "हा कशाला काढून ठेवला होतात?" तर म्हणाले, "सरकार देत व्हतं." मी गोंधळले, पण माझ्याकडे वेळ नव्हता.

त्यांना एकटं पाठवणं शक्य नव्हतं. आमच्या ह्यांचा गुडघा धरलेला. मी एकदा भिशीच्या बायकांबरोबर दुबईला जाऊन आलेली, तेवढ्यावर घरादाराने मला जगप्रवासी ठरवलं. महेशकडून मी पत्ता काढला, पत्रिका कुरियर करते म्हणून. येतोय हे त्याला सांगायचं नाही अशी भाऊंची सक्त ताकीद. व्हिसाच्या खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "परपज ऑफ व्हिजिट?" भाऊ म्हणाले, "आवतन." मी त्यांना कोपराने ढकललं आणि टुरिझम म्हटलं.

आवतनाला गेलेल्या माणसाने मुक्काम करायचा नसतो आणि यजमानाचा खर्च करायचा नसतो, हा आणखी एक नियम तेव्हा निघाला. त्यामुळे विमान सगळ्यात स्वस्त, मध्ये आखाती विमानतळावर ताटकळायला लावणारं. राहणं माद्रिदला, बंकबेडच्या एका डॉर्मिटरीत, एकच रात्र. बायकांची खोली वेगळी होती एवढंच माझं नशीब. जेवण म्हणजे मी केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा. जवळ्याचा डबा मी चार पिशव्यांत गुंडाळला होता, तरी विमानात पुढच्या रांगेतली बाई सारखी वळून बघत होती.

मुंबई विमानतळावर एका पोलिसाने पुरचुंडी सोडली. "ये क्या है?" त्याने दाणे चिमटीत घेतले. मी डोळे मिटले. भाऊंनी हात जोडले. "साब, शनिवार को शादी है. अंजूर. आ जाना." पोलीस बावचळला आणि "हाँ हाँ" म्हणाला. पुढे येऊन भाऊंनी मला बजावलं, "वैनी, एक पान वाढवा."

अंजूरच्या बाहेर भेटेल त्याच्याशी हिंदीत बोलायचं, ही त्यांची लूमच्या दिवसांपासूनची सवय. आखाती विमानतळावर त्यांनी एका झाडूवाल्याला हिंदीत बाथरूम विचारलं, त्याने हिंदीत सांगितलं. चहावाल्यानेही हिंदीतच उत्तर दिलं. भाऊंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. "बगा. जगात चालतेय."

माद्रिदहून बसने निघालो. मी थकले होते, खिडकीला डोकं टेकलं होतं. एकदम भाऊ उठून उभे राहिले. "वैनी, उतरा. आपन फिरून कशेलीलाच आलो!"

मी बाहेर बघितलं आणि क्षणभर मलाही तेच वाटलं. हायवेच्या दोन्ही बाजूंना राखाडी पत्र्याची गोडाऊनं, रांगेत लागलेले कंटेनर, मध्येच राहिलेला शेताचा एक तुकडा. फक्त रस्त्यात खड्डे नव्हते. तेवढ्यावर मी भाऊंना खाली बसवलं.

टोलेडो टेकडीवर आहे. तीन बाजूंनी नदी वळसा घालते, वर तट, दरवाजे, देवळांचे कळस. आणि तटातून वर जायला सरकते जिने. भाऊ जिन्यासमोर थांबले. "किल्ला हाय न?" "किल्लाच आहे." "मंग जिना ठान्याच्या मॉलचा कसा?" आम्ही उभ्या उभ्या किल्ला चढलो. एवढ्या आयत्या चढाईने भाऊ नाराज झाले.

वर मात्र आमची पार दैना झाली. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही घरांना लागतात. प्रत्येक गल्ली वळते, प्रत्येक वळणावर तलवारींचं दुकान, नाहीतर बदामाच्या मिठाईचं. एका दुकानात चिलखत घातलेला लोखंडी पुतळा होता, तोच पुतळा आम्हाला पुन्हा पुन्हा भेटत राहिला. मी फोनवर नकाशा लावला होता, पण त्यातला निळा ठिपका आम्ही उभे असताना पळायचा आणि आम्ही पळालो की उभा राहायचा. कधी आम्ही नदीत होतो, कधी देवळाच्या छपरावर.

"त्यो फोन ठेवा," भाऊ म्हणाले. "बसलेल्या मानसाला इचारायचा. चालनाऱ्याला सोताचाच ठाव नसतो."

चौकातल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन बसले होते. भाऊ समोर गेले. "राम राम भाईसाब. ये पता किधर को आया?" म्हाताऱ्याने आनंदाने पुष्कळ काही सांगितलं. भाऊंनी मान डोलावली आणि हिंदीत आणखी विचारलं. तोही डोलला. दोघांचं छान चाललं होतं. अर्थ सोडून सगळं पोचत होतं. मग आपण कशासाठी आलोय हे समजावं म्हणून भाऊंनी पुरचुंडी सोडून पिवळे तांदूळ दाखवले.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने तांदळाकडे बोट केलं, भाऊंकडे केलं, माझ्याकडे केलं. टाळी वाजवली. काठी टेकत तो पुढे निघाला आणि आम्ही मागे. मला वाटलं, चला, कळलं एकदाचं. त्याने आम्हाला तीन-चार गल्ल्या फिरवून एका चर्चच्या दारात उभं केलं, दार ठोठावलं, आतून आलेल्या माणसाला काहीतरी सांगितलं, आणि माझा हात धरून भाऊंच्या हातात द्यायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्याकडेही लग्नात तांदूळ टाकतात.

मी हात असा काही ओढून घेतला की म्हाताऱ्याची काठी पडली. गळ्यातलं मंगळसूत्र बाहेर काढून दाखवलं, फोनमधला आमच्या ह्यांचा फोटो दाखवला. चर्चवाला बघतो, म्हातारा बघतो, त्यांचा गोंधळ आणखी वाढला. नवरा घरी गुडघ्याला तेल चोळतोय आणि मी इथे दुसऱ्या लग्नाच्या दारात. भाऊ मात्र शांत. म्हाताऱ्याच्या तळहातावर चार दाणे ठेवून म्हणाले, "त्याचा हात लागला व्हता वैनी. आता त्यालाबी आवतन."

चर्चवाल्याला इंग्रजी येत होतं. त्याने पत्ता वाचला आणि हसला. महेशची गल्ली मागच्याच बाजूला होती, त्या लोखंडी पुतळ्याच्या शेजारी.

जुनं दुमजली घर होतं. खाली एक दार, वर बाल्कनी. बेल वाजवली. कोणी नाही. पुन्हा वाजवली. महेश शिफ्टवर असणार.

"दार बंद हाय," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी वाकून उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या, हात जोडले आणि वळले. "चला. बस हाय."

"चला? भाऊ, अर्धी पृथ्वी ओलांडून आलो! पोराचं तोंड न बघता चला?"

"आवतन पोचला. नियम हाय."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम. मी इथून हलणार नाही."

मी पायरीवर बसकण मारली. तेवढ्यात तळमजल्यावरची बाई बाहेर आली, उंचीला माझ्याएवढी, अंगाने माझ्या दुप्पट, हातात झाडू आणि सुपली. तिने उंबऱ्यावरचे तांदूळ बघितले, कपाळाला आठी घातली आणि झाडून सुपलीत घेतले.

भाऊंचा चेहरा पडला. अक्षता गेल्या म्हणजे आवतन फुकट गेलं. त्यांनी पुरचुंडीतून पुन्हा काढल्या, पुन्हा ठेवल्या. तिने भाऊंकडे बघितलं आणि पुन्हा झाडल्या. भाऊंनी तिसऱ्यांदा ठेवल्या. तिने तिसऱ्यांदा झाडल्या आणि आता ती बोलायलाही लागली. तिची भाषा मला येत नव्हती, पण आत्ताच पायरी पुसली होती, हे मला शब्दाशब्दाला समजत होतं. मी तिच्या जागी असते तर झाडू उलटा धरला असता.

पुरचुंडी संपत आली होती. भाऊ सरळ उभे राहिले, टोपी सारखी केली आणि तिलाच आवतन दिलं. नेहमीचं, अथपासून इतिपर्यंत. "राम राम. अंजूर गावचं आवतन हाय. प्रांजलचं लगीन हाय. सुक्रवारी हलद, शनवारी लगीन. घरातल्या लहानथोरांला आवतन. चूलबंद." गल्लीत आवाज घुमला. बाई झाडू धरून स्तब्ध उभी राहिली.

आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बाबा?"

महेश होता. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, कशेळीला असायचं तसलंच. शेजारी सायकल धरून एक उंच मुलगी, ती मार्ता. महेश बापाकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग पुन्हा बापाकडे. अंजूरची दोन माणसं आपल्या दारात झाडूवाल्या बाईसमोर काय करतायत, हे त्याला कसं कळावं?

भाऊंनी त्याला मिठीबिठी मारली नाही. पुढे जाऊन, परक्याला सांगावं तसं, त्यालाही अख्खं आवतन सांगितलं. उरलेले दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. "चूलबंद," शेवटी म्हणाले आणि मार्ताकडे मान करून हात जोडले.

"येतो," महेश म्हणाला. "येतो आम्ही. आता वर चला."

"नको. आमची बस हाय."

"बाबा, दारात आलायत माझ्या!"

"काम झालं."

महेश माझ्याकडे वळला. "बघा काकी! हे असंच. मार्ता चालत नाही त्यांना, सरळ बोलायचं ना तसं!"

"पोरीचा काय संबंध?" भाऊंना खरंच आश्चर्य वाटलं. "बोलावल्याबिगर मी कोनाच्या घरात जात न्हाय. वैनीला इचार."

"आत्ता बोलावलं ना!"

"दारात आलेल्याला 'ये' म्हनतात. कुत्र्यालाबी म्हनतात. ते आवतन न्हाय."

महेशने जॅकेटची चेन खाली ओढली. मग हळूच म्हणाला, "लग्नाचं म्हणताय का? अहो, मेसेज केला होता. आणि बापाला काय आवतन द्यायचं? घरातलेच ना तुम्ही?"

"सगल्यांला तसंच वाटतं," भाऊ म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, लूमचा कुठला पार्ट गेलाय हे सांगावं तसं सांगत होते. "आवतन देनाऱ्याला काय सांगायचं? त्यालाच तं पयलं ठाव. सगल्या गावाची आवतनं मी दिली. मना कोनी दिला न्हाय. कदीच. मंग जेवायला कसा बसू? बिनबोलावल्याचा? मी म्हनलं, गाव इसरला तं इसरला. पोराच्या लगनाचं तरी येल."

मी पायरीवरून उठले. इतकी वर्षं ऐकलेली कुकरची शिट्टी माझ्या कानात वाजली. पित्त नव्हतं, तेल नव्हतं. तो कोरा पासपोर्ट कशासाठी काढला होता, तेही आता कळलं.

मार्ताला यातलं एक अक्षर कळलं नसेल, पण तिने सायकल भिंतीला टेकवली आणि महेशच्या पाठीला हळूच हात लावला. महेशने इकडेतिकडे बघितलं. तळहातावर दाणे होते, पण ते आमच्या घरचे, प्रांजलच्या लग्नाचे. ते त्याने खिशात ठेवले. मग तो झाडूवाल्या बाईकडे गेला, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि तिच्या सुपलीतून चार पिवळे दाणे वेचले. फुंकर मारून धूळ उडवली. बापासमोर येऊन उभा राहिला.

लहानपणी बापाच्या मागे मागे तो घरोघर फिरलेला. त्याला सगळं पाठ होतं.

"राम राम," तो म्हणाला. "महेश नि मार्ताच्या घरचं आवतन हाय. अंजूरच्या बाळारामभाऊंना. आज जेवायला या. उशीर झाला, माफी असावी." आणि थांबून म्हणाला, "चूलबंद."

भाऊंनी हात पुढे केला. दाणे घेतले. बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले, जणू आता पुढे काय करतात हे त्यांना आठवत नव्हतं. आठवणार कसं, ही बाजू त्यांनी कधी बघितलीच नव्हती. शेवटी कपाळाला लावून खिशात टाकले.

"येतो," म्हणाले. आणि वहाणा काढून जिना चढले.

मार्ताने बटाटे घातलेलं जाडजूड आम्लेट केलं होतं, जवळजवळ धिरड्यासारखं, आणि पाव. भाऊ टोपी काढून बसले आणि तिने जेवढं वाढलं तेवढं खात राहिले. मी सुक्या जवळ्याचा डबा उघडला, तेव्हा महेशने तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. झाडूवाली बाई मिठाईचा पुडा घेऊन वर आली, कारण तिला आवतन गेलं होतं. आमची बस चुकली. भाऊंनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मुक्कामाच्या नियमाचं मी विचारलं, तर म्हणाले, "तो आवतन देनाऱ्याला हाय. मी आता पावना हाय."

महेश-मार्ताची तिकिटं निघाली. ती दोघं शनिवारी पहाटे उतरणार होती, हळद शुक्रवारी.

शुक्रवारी घरात पाहुणे, मांडवात खुर्च्यांचा ढीग, केटररचा माणूस मीठ विसरलेला. मी ताटातून मूठभर अक्षता घेतल्या आणि कोणाला न सांगता दोन घरं ओलांडली. भाऊ आत होते. पांढरा शर्ट घालून तयार, मांडवाच्या दारात उभं राहायला. गॅसवर कुकर चढवलेला.

मी ओटीवरच थांबले. मीही बोलावल्याशिवाय आत जाणार नव्हते.

"राम राम भाऊ," मी म्हटलं. मला त्यांच्यासारखं काही पाठ नव्हतं, जमेल तसं म्हटलं. "प्रांजलची आज हळद आहे, उद्या लग्न. आमच्याकडचं आवतन आहे. जेवायला या."

ते बाहेर आले. हात पुढे केला, दाणे घेतले, पण मूठ मिटली नाही.

"वैनी," ते म्हणाले, "एकट्याचा का चूलबंद?"

घरात एक माणूस, एक ताट, एक कुकर. माझ्या मनात आलं, फरक काय पडतो? पण ते उत्तराची वाट बघत होते.

"चूलबंद," मी म्हटलं.

भाऊ आत गेले. शिट्टी व्हायच्या आधीच त्यांनी गॅस बंद केला.